विज्ञान-तंत्रज्ञानातली पदवी निवडताना नोकरीची शक्यता आणि कामातलं समाधान कसं तोलावं

प्रश्न असा आहे: कॉम्प्युटर सायन्स, मेकॅनिकल, केमिकल, बायोटेक्नॉलॉजी, फिजिक्स असे पर्याय समोर आहेत. यांतल्या कुठल्या पदवीनंतर नोकरी हमखास मिळते, त्या नोकरीत माणूस समाधानी राहतो का, आणि दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

पदव्यांची क्रमवारी लावून याचं उत्तर सापडत नाही. एकाच वर्गातून, सारख्याच गुणांनी बाहेर पडलेले दोघे सहा वर्षांनी एकमेकांना ओळखू येणार नाहीत इतकी वेगळी कामं करत असतात. म्हणून तुलना करायची ती पदवीनंतर पाचव्या-सहाव्या वर्षी रोज जे काम हातात असतं त्याची. ते काम किती जणांना मिळतं हा नोकरीचा प्रश्न, आणि ते काम तुम्हाला मानवतं का हा समाधानाचा. दोन्ही प्रश्न कामाला विचारले की उत्तरं सापडू लागतात. पदवीच्या नावाला विचारले की नुसत्या अफवा हाती येतात.

आकडे कसे वाचावेत

बेकारीचा दर एकटा वाचू नका. न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक अमेरिकेतल्या २२ ते २७ वर्षांच्या पदवीधरांची शाखानिहाय आकडेवारी देते. २०२३ सालच्या आकड्यांत सिव्हिल इंजिनिअरिंगची बेकारी १ टक्का होती, कॉम्प्युटर सायन्सची ६.१, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची ७.५ आणि फिजिक्सची ७.८. एवढंच पाहिलं तर जीवशास्त्र कॉम्प्युटर सायन्सपेक्षा सुरक्षित वाटतं, कारण तिथली बेकारी ३ टक्क्यांच्या आसपास आहे. पण त्याच तक्त्यात दुसरा स्तंभ आहे: पदवी लागतच नाही अशा नोकरीत किती जण आहेत. जीवशास्त्रात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं, तर कॉम्प्युटर सायन्समध्ये साधारण सहांत एक.

या दोन आकड्यांमागे दोन वेगळ्या वागणुकी आहेत. कॉम्प्युटर सायन्सचा पदवीधर आपल्या क्षेत्रातल्या नोकरीची वाट पाहत काही महिने घरी बसतो आणि बेकार म्हणून मोजला जातो. जीवशास्त्राचा पदवीधर मिळेल ती नोकरी लवकर धरतो, म्हणून बेकारांत मोजला जात नाही, पण शिकलेलं कामालाही येत नाही. पहिल्याला पैशाची चणचण जाणवते, दुसऱ्याला समाधानाची. तुमच्या देशात असे दोन्ही स्तंभ असलेले आकडे मिळाले तर दोन्ही शेजारी ठेवूनच वाचा.

आणखी एक आकडा: अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०१४ मध्ये दाखवून दिलं की विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी वा गणित यांत पदवी घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोक त्या प्रकारच्या व्यवसायात नव्हतेच. बरेच जण व्यवस्थापन, शिक्षण, आरोग्यसेवा, कायदा, वित्त इकडे गेले होते आणि त्यांतल्या अनेकांचं छान चाललेलं असतं. तेव्हा ‘क्षेत्रात नाही’ म्हणजे ‘फसला’ असं समजू नका. पण ‘पदवी घेतली की त्याच क्षेत्रात काम’ ही समजूत मात्र सोडून द्या.

संस्थेच्या नोकरीच्या आकड्यांत तीन गोष्टी तपासा. पहिली, छेद कुठला घेतला आहे. १२० विद्यार्थ्यांच्या वर्गातून ६० जणांनी नोकरीसाठी नाव नोंदवलं आणि ५४ जणांना मिळाली, तर जाहिरातीत ९० टक्के छापलं जातं. वर्गाच्या हिशेबाने ते ४५ टक्के आहे. उरलेल्या ६० जणांपैकी किती जण पुढे शिकायला गेले आणि किती जणांना नोंदवूच दिलं नाही, हे विचारा. दुसरी, सरासरी दिली आहे की मध्यक (म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा). दहा जणांपैकी नऊ जणांना ५० आणि एकाला ४०० मिळाले तर सरासरी ८५ येते, मध्यक ५०. तुमच्या वाट्याला ५० येण्याची शक्यता जास्त. तिसरी, ऑफर मोजल्यात की रुजू झालेली माणसं. एका विद्यार्थ्याला तीन ऑफर मिळाल्या की त्या तीन नोकऱ्या म्हणून मोजल्या जातात. या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरं न देणाऱ्या संस्थेचे आकडे हिशेबात धरू नका.

आजची मागणी चार वर्षांनी नसते

प्रवेश आज घ्यायचा आणि नोकरी चार वर्षांनी शोधायची, या अंतरात बरंच काही घडतं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये इंजिनिअरांच्या पुरवठ्याबद्दल हेच मांडलं: पगार चढे दिसले की त्या शाखेत झुंबड उडते, सगळे एकदम बाहेर पडतात, पगार घसरतात, मग प्रवेश आटतात, आणि काही वर्षांनी पुन्हा टंचाई येते.

पेट्रोलियम इंजिनिअरिंग हे याचं ठळक उदाहरण. २०१४ च्या मध्यापर्यंत कच्चं तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं आणि या शाखेची सुरुवातीची कमाई सगळ्यांत वर. २०१२ मध्ये प्रवेश घेतलेले २०१६ मध्ये बाहेर पडले, तेव्हा त्याच वर्षी जानेवारीत भाव ३० डॉलरखाली जाऊन आलेला होता आणि कंपन्या माणसं कमी करत होत्या. त्या मुलांची हुशारी कमी पडली नव्हती. त्यांची पदवी एकाच मालाच्या भावाला बांधलेली होती.

म्हणून प्रत्येक शाखेबद्दल विचारा: इथली भरती कशावर चालते? खाणकाम आणि भूविज्ञान धातूंच्या भावावर. सिव्हिल व्याजदर आणि सरकारी बांधकामखर्चावर. नवउद्योगांतलं सॉफ्टवेअर आणि बायोटेक्नॉलॉजी गुंतवणूकदारांच्या पैशावर, म्हणजे तेही व्याजदरावरच. वीजवितरण, पाणीपुरवठा, औषधांची गुणवत्ता तपासणी, वैद्यकीय उपकरणांची देखभाल यांची मागणी संथ वाढते, पण मंदीत फारशी आटत नाही. जी शाखा चार-पाच वेगळ्या उद्योगांत खपते ती एका उद्योगाच्या पडझडीतून तरून जाते. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि संख्याशास्त्र यांची ताकद नेमकी इथे आहे. या शाखांच्या बातम्या क्वचितच होतात, म्हणून नवीन विद्यार्थ्यांच्या नजरेतून त्या सुटतात.

अरुंद नावाच्या पदव्यांपासून मी पहिल्या पदवीत तरी जपून राहायला सांगेन. एखाद्या विषयाची चलती झाली की त्या नावाची चार वर्षांची पदवी निघते. तीत मूळ विषय पातळ केलेले असतात आणि साधनं जास्त शिकवलेली असतात. साधनं बदलतात. मेकॅनिकल करून रोबोटिक्सकडे, संख्याशास्त्र करून डेटा सायन्सकडे, इलेक्ट्रिकल करून अक्षय ऊर्जेकडे जाता येतं. उलट दिशेने येणं अवघड पडतं.

पगाराची वक्ररेषा

सुरुवातीचा पगार ही सगळ्यांत सहज मिळणारी माहिती असते, आणि तिचंच वजन जास्त धरलं जातं. डेव्हिड डेमिंग आणि कादीम नोरे यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगसारख्या उपयोजित शाखांची आघाडी सुरुवातीला सर्वांत मोठी असते आणि पहिल्या दशकात बरीचशी ओसरते. कारण सरळ आहे: या क्षेत्रांत लागणारी कौशल्यं भराभर बदलतात, आणि ताजी साधनं शिकून आलेला नवा पदवीधर दहा वर्षं काम केलेल्याच्या बरोबरीला येतो.

हिशेब करून पाहा. ‘अ’ शाखेत सुरुवात १०० एककांनी आणि वाढ दरवर्षी ३ टक्के. ‘ब’ शाखेत सुरुवात ७५ ने आणि वाढ ८ टक्के. सातव्या वर्षी दोन्ही पगार ११९ च्या आसपास सारखे होतात, आठव्या वर्षी ‘ब’ पुढे जाते. पण एकूण मिळालेले पैसे बरोबरीला यायला पूर्ण बारा वर्षं लागतात. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल तर ही बारा वर्षं लांब वाटतील आणि ‘अ’ योग्य ठरेल. कर्ज नसेल तर ‘ब’ ला घाबरण्याचं कारण नाही. स्वतःच्या पर्यायांसाठी हेच गणित मांडा. वाढीचा दर कळत नसेल तर त्या क्षेत्रातल्या नवख्याचा आणि दहा वर्षं अनुभव असलेल्याचा आजचा पगार शोधा. दुसऱ्याला पहिल्याने भागून दहावं मूळ काढलं आणि त्यातून १ वजा केला की अंदाज येतो. पुढे पदव्युत्तर शिक्षण अपरिहार्य असेल तर त्या वर्षांचा बुडालेला पगार आणि फी दोन्ही खर्चात धरा. बायोटेक्नॉलॉजी, जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात स्वतंत्र संशोधनाचं काम बहुधा पीएचडीनंतरच मिळतं, आणि त्यापुढेही पोस्ट-डॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकरीची, काही वर्षं असतात. ही वर्षं विसरून केलेली तुलना फसवी असते.

रोजचं काम खरोखर कसं असतं

समाधानाचं सगळं गणित इथे सुटतं, म्हणून थोडं तपशिलात जातो. प्रत्येक क्षेत्राचं एक आकर्षक काम असतं आणि एक रोजचं. माहितीपत्रकात आकर्षक काम असतं. पगार रोजच्या कामाचा मिळतो.

मेकॅनिकल डिझाइनमध्ये कोऱ्या कागदावर नवं यंत्र काढण्याचा वेळ फार थोडा असतो. बहुतेक वेळ आधीच्या ड्रॉइंगमध्ये बदल करणं, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) ठरवणं, सुट्या भागांची यादी अद्ययावत ठेवणं, आणि पुरवठादाराने पाठवलेला भाग का बसत नाही हे शोधणं यांत जातो. मोजमापाच्या दहाव्या-शंभराव्या भागावर तासन्‌तास वाद घालायला ज्याला आवडतं तो इथे सुखी असतो. उत्पादन विभागात गेलात तर लाइन बंद पडली की मिनिटांचा हिशेब द्यावा लागतो. तिथे माणसांशी बोलण्याचं कौशल्य गणिताइतकंच लागतं.

केमिकल इंजिनिअरचं काम कारखान्यात, आणि कारखाने सहसा वस्तीपासून दूर. पाइप आणि उपकरणांच्या आकृत्या तपासणं, किती माल आत गेला आणि किती बाहेर आला याचा ताळा जुळवणं, सुरक्षेच्या हॅझॉप बैठकीत एकेका पाइपलाइनसाठी ‘प्रवाह थांबला तर? उलटा फिरला तर? दाब वाढला तर?’ असे प्रश्न दिवसचे दिवस सोसणं. वार्षिक शटडाउनमध्ये, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद ठेवतात तेव्हा, बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. ज्यांना मोठी यंत्रणा चालती ठेवण्यात अभिमान वाटतो त्यांना हे काम सोडवत नाही. ज्यांना प्रयोगशाळेतलं रसायनशास्त्र आवडत होतं म्हणून ते इकडे आले, त्यांचा मात्र हिरमोड होतो. या शाखेत दाब, प्रवाह आणि उष्णता यांचंच राज्य असतं. हा गैरसमज इतका सर्रास आहे की प्रवेशाआधी या शाखेची तिसऱ्या वर्षाची पाठ्यपुस्तकं चाळून पाहावीतच.

सिव्हिलमध्ये साइट आणि डिझाइन ऑफिस ही दोन वेगळी आयुष्यं आहेत. साइटवर पहाटेची काँक्रीट ओतणी, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या सात आणि अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीच्या चाचण्या, मोजमापं, बिलं, कंत्राटदाराशी घासाघीस, आणि काम संपलं की नव्या गावी बदली. ऑफिसात भारांचे संयोग, संहितेतली कलमं, ड्रॉइंगची तपासणी. साइटवर केलेलं काम डोळ्यांना दिसतं, उभं राहतं, आणि या शाखेतले बरेच लोक समाधानाचं कारण हेच सांगतात.

इलेक्ट्रिकलमध्ये वीजप्रणालीकडे गेलात तर बिघाड ओळखणाऱ्या रिलेच्या सेटिंगचा मेळ, शॉर्ट सर्किट झालं तर किती प्रवाह येईल याची गणितं, उपकेंद्रांच्या चाचण्या. चिपकडे गेलात तर नवं सर्किट रचण्यापेक्षा रचलेलं बरोबर चालतं का हे तपासण्यात जास्त माणसं आणि जास्त वेळ लागतो. व्हेरिफिकेशनच्या नोकऱ्या म्हणूनच भरपूर असतात. त्यांना दुय्यम समजू नये, पण त्या आपल्याला रुचतील का हे आधी तपासावं.

सॉफ्टवेअरमध्ये नवीन कोड लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेला वाचणं, तो का मोडला हे शोधणं, रिव्ह्यूमध्ये हुज्जत घालणं आणि रात्री सर्व्हर पडला की उठणं यांत वेळ जातो. डेटाच्या कामात मॉडेलपेक्षा साफसफाई जास्त: एकाच ग्राहकाची तीन स्पेलिंगं, रिकाम्या तारखा, चुकलेली एककं. आता कोड लिहून देणारी साधनं आल्यावर नवख्यांना पूर्वी मिळणारं सोपं काम सर्वांत आधी पातळ होतंय. जे काम स्पष्ट शब्दांत सांगता येतं आणि झालेलं लगेच तपासता येतं ते यंत्राकडे लवकर जातं. नेमकं काय हवंय हे ठरवणं, चुकलं तर जबाबदारी घेणं आणि प्रत्यक्ष वस्तूला हात लावणं, ही कामं माणसाकडे उरतात. शाखा निवडताना तिच्यात या उरणाऱ्या कामांचा वाटा किती, हे पाहणं आता गरजेचं आहे.

रसायनशास्त्राच्या पदवीधराला औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात नोकरी मिळणं तुलनेने सोपं. तिथे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर तेच नमुने, त्याच पद्धतीने, आणि प्रत्येक पायरीची नोंद. जे नोंदवलं नाही ते झालंच नाही, असा तिथला नियम. निकाल मर्यादेबाहेर गेला की चौकशीचा अहवाल. शिस्त आवडणाऱ्याला हे काम शांतपणे करता येतं, नावीन्य शोधणाऱ्याची घुसमट होते. बायोटेक्नॉलॉजीत पेशींना दर दोन-तीन दिवसांनी नवं माध्यम द्यावं लागतं, मग तो रविवार का असेना, आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूची लागण झाली की काही आठवड्यांचं काम फेकून द्यावं लागतं. इथे अपयश हा कामाचाच भाग आहे. पाच प्रयोगांतले चार वाया गेले तरी पाचवा त्याच काळजीने मांडणारी माणसं इथे टिकतात.

फिजिक्स आणि शुद्ध गणिताची गोष्ट निराळी. ‘भौतिकशास्त्रज्ञ हवा’ अशी जाहिरात फार कमी दिसते. हे पदवीधर सॉफ्टवेअर, उपकरणनिर्मिती, वित्त, हवामान, शिक्षण असे विखुरतात. नोकरी शोधायला वेळ लागतो, कारण आपण कुठल्या कामाचे आहोत हे त्यांना स्वतःच पटवून द्यावं लागतं. प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी एक गोष्ट पक्की शिकलेला फिजिक्सचा पदवीधर आणि काहीच न शिकलेला यांच्या संधींत फार मोठं अंतर असतं. विषयाची खरी ओढ असेल तर ही शाखा जरूर घ्या, पण ही जोड पहिल्या वर्षापासून धरा. जीवशास्त्राला संख्याशास्त्राची आणि रसायनशास्त्राला नियमावली व गुणवत्ता पद्धतींची जोड अशीच कामाला येते.

समाधान कशातून येतं

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा १९५९ मधला गाजलेला अभ्यास इंजिनिअर आणि हिशेबनीसांच्याच मुलाखतींवर उभा होता. त्यांना आढळलं की नाराजीची कारणं आणि समाधानाची कारणं वेगवेगळी असतात. पगार, वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम, कामाची जागा हे बिघडलं की माणूस नाराज होतो. पण हे सगळं ठीक झाल्याने तो समाधानी होतोच असं नाही. समाधान येतं ते काहीतरी जमल्यातून, त्याची दखल घेतली जाण्यातून, कामातून आणि जबाबदारीतून. त्यांच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले, तरी निवड करताना ही विभागणी उपयोगी पडते: पगार ‘पुरेसा आहे का’ असा तपासावा, आणि पुरेशाच्या वर गेल्यावर नजर कामाकडे वळवावी.

कामाकडे पाहायचं कसं, यासाठी रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात मांडलेले पाच निकष आजही चालतात: कौशल्यांची विविधता, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातात असणं, त्याचा कुणाला तरी उपयोग होणं, स्वतः ठरवण्याची मुभा, आणि काम बरं झालं की वाईट हे कामातूनच कळणं. सॉफ्टवेअरमध्ये शेवटची गोष्ट मिनिटांत मिळते, धरणाच्या रचनेत वर्षांनी, मूलभूत संशोधनात कधी कधी मिळतच नाही. मोठ्या कंपनीत विमानाच्या एका ब्रॅकेटवरचा (आधार देणाऱ्या छोट्या भागावरचा) ताण काढणाऱ्याला पूर्ण काम कधी दिसत नाही. लहान कारखान्यातल्या इंजिनिअरला ते रोज दिसतं, पण पगार कमी असतो. पाचही गोष्टी एका जागी मिळणं दुर्मिळ. यांतल्या कुठल्या दोनशिवाय आपलं चालणार नाही हे प्रत्येकाने स्वतःपुरतं ठरवावं. आजवर कुठलं काम करताना वेळेचं भान राहिलं नाही आणि कुठलं काम तुम्ही पुढे ढकलत राहिलात, हे आठवलं की उत्तर बहुतेक सापडतं.

हेही ध्यानात घ्या की याच पाच गोष्टी पदवीपेक्षा नोकरीच्या जागेवर जास्त अवलंबून असतात. चुकीच्या कंपनीमुळे आलेली नाराजी शाखेच्या माथी मारून लोक क्षेत्रच सोडतात. आधी जागा बदलून पाहावी.

दारं कुठल्या बाजूला उघडतात

पदवी निवडताना ‘हे नाही जमलं तर कुठे जाता येईल’ हे पाहायलाच हवं. इथला नियम असा की जिथे परवाना किंवा मान्यताप्राप्त पदवी लागते त्या क्षेत्रात बाहेरून शिरता येत नाही, पण तिथून बाहेर पडता येतं. सिव्हिल इंजिनिअर सॉफ्टवेअरमध्ये जातो. सॉफ्टवेअरवाल्याला पुलाच्या रेखाचित्रावर सही करता येत नाही. अमेरिकेत तशा परवान्यासाठी साधारणपणे मान्यताप्राप्त पदवी, दोन परीक्षा आणि चारेक वर्षांचा अनुभव लागतो, इतर अनेक देशांत वेगळ्या नावाने अशीच व्यवस्था आहे. तसंच, जास्त गणित असलेल्या शाखेतून कमी गणिताच्या कामाकडे जाणं सोपं, उलट अवघड.

परदेशी जाण्याचा विचार असेल तर अभ्यासक्रमाच्या मान्यतेची चौकशी प्रवेशाआधी करा. १९८९ च्या वॉशिंग्टन करारानुसार सदस्य देशांतल्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग पदव्यांना परस्परांकडे समान मानतात. इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीच्या पदव्यांसाठी २००१ चा सिडनी करार वेगळा आहे, तंत्रज्ञ पातळीसाठी २००२ चा डब्लिन करार, आणि संगणनाच्या पदव्यांसाठी २००८ चा सोल करार. नावात ‘इंजिनिअरिंग’ आहे एवढ्यावर जाऊ नका. मान्यता संस्थेला नसून एकेका अभ्यासक्रमाला असते आणि ठरावीक वर्षांसाठी असते. विमान आणि संरक्षण क्षेत्रात आणखी एक अडचण येते: अनेक देशांत तिथल्या बऱ्याच नोकऱ्या फक्त स्वतःच्या नागरिकांसाठी राखलेल्या असतात. परदेशात शिकून तिथेच एरोस्पेसमध्ये राहू, हा बेत इथे अडतो.

तपासणी प्रत्यक्ष कशी करावी

दोन ते तीन शाखा उरल्यावर प्रत्येकीसाठी नवख्यांच्या ३० जाहिराती गोळा करा. अनुभव शून्य ते दोन वर्षं एवढ्याच घ्या. वहीत किंवा एक्सेलमध्ये पाच रकाने: कुठली पदवी मागितली, दुसरी पदवी चालते का, पहिली तीन कामं कुठली लिहिली आहेत, जागा कुठे, आणि कुठलं कौशल्य नावाने मागितलं आहे. दोन शाखांत सात-आठ जाहिरातींपेक्षा कमी फरक दिसला तर तो योगायोग समजा. ३० च्या नमुन्यातून त्याहून बारीक काही कळत नाही. जाहिराती एकाच आठवड्यातल्या घेऊ नका, तीन महिन्यांत विभागून घ्या, आणि एकाच कंपनीच्या दोनपेक्षा जास्त धरू नका. नाहीतर एका मोठ्या भरतीमुळे सगळा अंदाज वाकडा होतो.

मग माणसांशी बोला: प्रत्येक शाखेत दोन वर्षं, आठ वर्षं आणि वीस वर्षं काम केलेला एकेक जण, शिवाय क्षेत्र सोडून गेलेला एक जण. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्यालाच कुणी विचारत नाही. ‘काम आवडतं का?’ असं विचारलंत तर ‘हो’ एवढंच मिळेल. ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत?’ असं विचारा. ‘तुमच्या वर्गातले बाकीचे आज काय करतात?’ असं विचारा. ‘कुठल्या कामाचा कंटाळा येतो आणि ते आठवड्यात किती तास असतं?’ असं विचारा. या तीन प्रश्नांनी भरपूर हाती लागतं.

तिसरी तपासणी स्वतःची. त्या शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एका मुख्य विषयाची व्याख्यानं इंटरनेटवर सहज मिळतात. थर्मोडायनॅमिक्स, सिग्नल्स, डेटा स्ट्रक्चर्स, ऑरगॅनिक केमिस्ट्री, जो असेल तो. दोन आठवडे रोज दीड तास तो शिका आणि निम्मा वेळ गणितं किंवा प्रश्न सोडवण्यात घाला. नुसती व्याख्यानं ऐकून सगळेच विषय आवडतात. अडलेलं गणित तासाभराने पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं का, एवढंच पाहायचं. पहिल्या झटक्यात किती सुटली याला फार किंमत देऊ नका.

शेवटी निर्णय करताना गुणांची बेरीज करू नका. पगाराला ३०, आवडीला ३०, स्थैर्याला २० अशी वजनं देऊन बेरीज केली की एखादी असह्य गोष्ट दुसऱ्या चांगल्या गोष्टीखाली दडून जाते. आधी चाळणी लावा: एवढ्यापेक्षा कमी मध्यक पगार नको, एवढ्यापेक्षा जास्त वर्षं शिक्षणात नकोत, रात्रपाळी किंवा सततची बदली चालणार नाही, कामाचा कंटाळवाणा भाग निम्म्याहून जास्त नको. चाळणीत जे पर्याय गळतील ते बाजूला ठेवा, मग ते इतर बाबतींत कितीही आकर्षक असोत. उरलेल्यांत जास्त आवडतो तो घ्या. दोन्ही सारखेच आवडत असतील तर ज्याची दारं जास्त उघडतात तो.

पदवी चालू असताना शंका आली असेल तर पहिल्या दोन सत्रांत शाखा बदलणं स्वस्त असतं, कारण गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग हे विषय बहुतेक शाखांत सामाईक असतात आणि श्रेयांक बरेचसे चालतात. तिसऱ्या वर्षानंतर बदलण्यापेक्षा ती पदवी पूर्ण करून पदव्युत्तर पातळीवर वळणं बहुधा कमी खर्चाचं पडतं. इलेक्ट्रिकल करून संगणकशास्त्रात, रसायन करून मटेरियल सायन्समध्ये, सिव्हिल करून पर्यावरण अभियांत्रिकीत असे रस्ते मळलेले आहेत. बदल करण्याआधी नव्या शाखेतल्या एखाद्या प्राध्यापकाला अभ्यासक्रमाचा कागद दाखवून कुठले पूर्वविषय अपुरे पडतील ते लिहून घ्या, आणि त्यांतले दोन सुट्टीत पूर्ण करून पाहा.